पोस्टरवर नसलेलं नाव

आमच्या घरी एका बाईचा फोटो होता. भिंतीवर नव्हता, लोखंडी पेटीत होता, मायच्या लग्नाच्या शालूखाली. उन्हाळ्यात पेटीतले कपडे वाळत घातले की तो बाहेर निघायचा. नऊवारी लुगडं, नाकात नथ, एक हात कमरेवर, मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा आणि त्यावर कुठल्यातरी बंगल्याचा जिना. मी विचारायची, ही कोण? माय म्हणायची, "आबाजींची बहीण होय. लवकर गेली." पुढे काही विचारलं तर ती कपडे झटकायला लागायची.

आबाजी मी सहा वर्षांची असताना वारले. त्यांना बहीण नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

तोवर मी नागपूरला जाऊन व्हिडिओ एडिटिंग शिकले होते. लग्नाचे व्हिडिओ कापणं हे पोटाचं काम, आणि मनातलं काम म्हणजे आमच्या भागातल्या मंडईवर एक छोटी फिल्म करायची. त्यासाठी मी शेजारच्या गावातल्या एका ऐंशीच्या घरातल्या ढोलकीवाल्या आजोबांकडे गेले. मोबाइलमध्ये घरच्या जुन्या फोटोंचेही फोटो काढून ठेवलेले होते. ते दाखवत होते, एकेक सरकवत होते, तर या बाईपाशी त्यांनी माझा हात धरला. डोळ्यांजवळ फोन नेला आणि हसले.

"हा तं तुया आबाजी होय, पोरी. भंडाऱ्याले जाऊन काढला होता. मी होतो ना संगं."

आता आधी मंडई म्हणजे काय ते सांगते, कारण पुण्या-मुंबईत मंडई म्हटलं की भाजी आठवते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या धानाच्या पट्ट्यात दिवाळीची भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरायला लागते. आज या गावाला, उद्या त्या गावाला. गोवारी ढाल घेऊन नाचत येतात, शिंगाडे आणि ऊस विकायला बसलेले असतात, पाळणे लागतात, पाहुणे येतात, आणि पोरापोरींच्या सोयरिकीही तिथेच जुळतात. दिवसा खडी गंमत किंवा दंडार, रात्री नाटक. या भागाला झाडीपट्टी म्हणतात, झाडी म्हणजे जंगल. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, पण मंडईच्या हिशेबात भंडारा अजून अखंडच आहे. पाहुणे जिल्ह्याची हद्द बघून येत नाहीत.

खडी गंमत म्हणजे उभ्याने करायची गंमत. पडदा नाही, विंग नाही, बहुतेक वेळा स्टेजही नाही. एक शाहीर, त्याचे झीलकरी, ढोलकी, टाळ, काखेत धरून तार छेडायचं चोनकं, एक-दोन सोंगाडे, आणि लुगडं नेसलेला नाच्या. भोवती गोल करून गाव. गण होतो, गौळण होते, मग लावण्या, सवाल-जवाब, प्रसंग. मंडईच्या पोस्टरवर 'दुय्यम खडी गंमत' असं छापलेलं असतं. बाहेरच्यांना वाटतं दुय्यम म्हणजे कमी दर्जाची. तसं नाही. दुय्यम म्हणजे दोन शाहिरांची, समोरासमोरची. एक कलगीवाला, तो शक्तीची बाजू घेणार. दुसरा तुरेवाला, तो शिवाची. दोघांची नावं मोठ्या अक्षरांत, गावासकट. नाच्याचं नाव कुठेच नाही.

मी आजोबांना विचारलं, आबाजींचं नाव कधी पोस्टरवर होतं का? ते म्हणाले, "नाच्याचं नाव कायले लागते? लोकं तोंडावरच नाव ठेवत."

  शाहिराला 'शाहीर' म्हणून हाक, आणि माझ्या आबाजींना बायकी नाव ठेवून हाक. ते नाव मी इथे लिहिणार नाही.

आता एक वेगळा माणूस. त्याचंही लुगड्याशीच नातं आहे.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांसमोर आला. तारामतीच्या भूमिकेसाठी फाळक्यांना बाई मिळाली नाही. कोठ्यांवरच्या बायकांनीही नकार दिला, कारण सिनेमात जाणं त्यांनासुद्धा कमीपणाचं वाटलं. शेवटी एका उपाहारगृहात काम करणारा तरुण त्यांना दिसला, अण्णा साळुंके. सडपातळ, नाजूक हातांचा. तो तारामती झाला. चार वर्षांनी, १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये त्याने रामही केला आणि सीताही. आपल्या सिनेमातली पहिली हिरोईन पुरुष होती आणि पहिला डबल रोलही त्याच पुरुषाचा, ही गोष्ट क्विझमध्ये विचारतात. क्विझमध्ये न विचारली जाणारी गोष्ट मला जास्त आवडते: पुढे साळुंके कॅमेऱ्यामागे गेले आणि फाळक्यांच्या चित्रपटांचे छायाचित्रकार झाले. ज्याला पदर कसा सावरायचा हे अंगाला माहीत होतं, त्याने नंतर दुसऱ्यांचे पदर कॅमेऱ्यातून बघितले.

१९१३ मध्येच फाळक्यांनी 'मोहिनी भस्मासुर' केला. त्यात बाई मिळाली, एक नव्हे दोन. दुर्गाबाई कामत पार्वती आणि त्यांची लेक कमलाबाई मोहिनी. (विक्रम गोखले यांच्या आजी त्या.) गोष्ट आठवा. विष्णू मोहिनी होतो आणि भस्मासुराला नाचायला लावतो. तिने डोक्यावर हात ठेवला की त्यानेही ठेवायचा, आणि भस्म. म्हणजे पुराणातला मूळ प्रसंगच पुरुषाने बाई होऊन नाचण्याचा आहे. फाळक्यांना तिथे खरी मुलगी मिळाली. खडी गंमतीत मात्र पुढची कित्येक दशकं पुरुषच मोहिनी होत राहिला.

आणि बालगंधर्व. त्यांच्यासारखी साडी नेसायला, गजरा माळायला शहरातल्या बायका शिकल्या, असं आपण सगळ्यांनी ऐकलंय. १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त शांतारामबापूंनी त्यांना संत एकनाथ केलं, म्हणजे पडद्यावर पुरुष. दोन वर्षांनी 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा स्त्रीभूमिकेत आले. पुण्यात त्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही, त्यांचं गाणं माझ्याही फोनमध्ये आहे. पण लुगडं तेच, मिशी काढणं तेच, चाल बदलणं तेच. एकाच्या नावाने रंगमंदिर आणि दुसऱ्याचा फोटो शालूखाली. मधे काय आहे, तर जात, जमीन, गाण्याचा राग शास्त्रीय की नाही, आणि प्रेक्षक गादीवर बसलेत की धुरोळ्यात उभे आहेत. एवढंच.

परत आबाजींकडे येते, कारण मला खरं सांगायचंय ते इथे आहे.

ढोलकीवाल्या आजोबांच्या सांगण्याप्रमाणे आबाजींचं नाचणं कोणी शिकवलेलं नव्हतं. आधीच्या नाच्याला बघून बघून आलेलं. पण त्यांना सिनेमाचं वेड होतं. भंडाऱ्याला टॉकीज, आणि जत्रेत तंबूतला सिनेमा. धान कापणी झाली, हातात चार पैसे आले की सायकल काढायची. एकच सिनेमा ओळीने तीन-तीन रात्री बघायचा. आजोबा संगतीला. पहिल्या रात्री गोष्ट. दुसऱ्या रात्री फक्त हात. तिसऱ्या रात्री फक्त पाय.

"पन पाय कुठी दिसते?" आजोबा म्हणाले. "पाय दाखवत दाखवत तोंड दाखवते. तुया आबाजी चिडे."

मी एडिटिंग करते, तरी हे मला कधी सुचलं नव्हतं. सिनेमातला नाच तुकड्यांचा असतो. डोळे, मग घुंगरू, मग गिरकी, मग प्रेक्षकातला कोणीतरी मिशीला पीळ देणारा, मग पुन्हा डोळे. मधे कट. ते कट कापणाऱ्याने ठरवलेले असतात, नाचणाऱ्याने नव्हे. आबाजींना पाय सोळा मात्रांपैकी सहा मात्रा दिसायचे. उरलेल्या दहा मात्रांत पाय काय करत असतील ते त्यांनी स्वतःच्या अंगातून भरून काढलं. त्यांनी नक्कल केली असं म्हणता येत नाही. कापलेलं पुन्हा जोडलं.

दुसरी अडचण त्याहून मोठी. पडद्यावरचा नाच समोरून बघायचा असतो. खडी गंमत चारी बाजूंनी. मागे उभी असलेली म्हातारीही तेवढाच वेळ उभी आहे, तिला पाठ दाखवून चालत नाही. म्हणून पडद्यावर एकदा होणारा ठेका आबाजी चारदा करत, चार दिशांना, आणि दर वेळी थोडा वेगळा, नाहीतर बघणारा म्हणणार, हे तर झालं.

यातला त्यांचा सगळ्यात गाजलेला प्रकार 'नवरंग'वरून आला. शांतारामबापूंचा हा सिनेमा १९५९ चा. त्याआधी १९५५ मध्ये 'झनक झनक पायल बाजे' आलेला होता, टेक्निकलरमधला, गोपीकृष्णांचं कथ्थक घेऊन. संध्याबाई काही लहानपणापासून शास्त्रीय नाच शिकलेल्या नव्हत्या, त्या सिनेमासाठी मेहनत करून शिकल्या. 'नवरंग'मधलं होळीचं गाणं तुम्ही यूट्यूबवर बघितलं नसेल तर बघा. त्यात संध्याबाई एकट्या बाईही आहेत आणि पुरुषही. डोक्याच्या मागच्या बाजूला मुखवटा, कपडे त्याला साजेसे. समोर वळल्या की लाजणारी बाई, पाठ केली की छेड काढणारा गडी. एकाच अंगात दोघांचं भांडण. (हत्तीही नाचतो त्यात, पण तो आमच्या गावात मिळण्यासारखा नव्हता.)

आबाजींनी ते बघितलं आणि घरी येऊन सुपाचा तुकडा कापून त्यावर कापड चिकटवलं, काजळाने मिशी काढली. तो मुखवटा मानेमागे बांधला. वर अर्धं लुगडं, मागून धोतराचा सोगा. आता विचार करा. सिनेमात हा प्रकार चालण्यासाठी संध्याबाईंना फिरावं लागतं, कारण कॅमेरा एकाच जागी आहे. आमच्या गोलात फिरायचीही गरज नव्हती. निम्म्या गावाला बाई दिसत होती आणि त्याच क्षणी निम्म्या गावाला गडी. इकडचे लोक हसायचे तेव्हा तिकडचे विचारायचे, का झालं? मग ते वळायचे. आजोबा सांगतात, त्या वेळी लोक जागा बदलायला धावायचे, गोल मोडायचा, शाहीर ओरडायचा.

सिनेमासाठी शोधलेली एक युक्ती, जिचं पूर्ण फळ पडद्यावर मिळूच शकत नव्हतं, ती एका धानाच्या गावातल्या मातीवर पूर्ण झाली. हे मी माझ्या आबाजींच्या प्रेमापोटी फुगवून सांगतेय का? शक्य आहे. मला याचा एकही फोटो मिळालेला नाही. एक म्हातारा माणूस आणि त्याची बोटं पाटावर ढोलकी वाजवत होती, एवढाच पुरावा.

गण, गौळण, रामायणातले प्रसंग आणि मधेच 'नवरंग'. शुद्धतेची काळजी असणाऱ्यांना हे आवडणार नाही. पण झाडीपट्टीने नेहमीच असं घेतलंय. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि इथल्या लोककला यांवर आयुष्यभर काम केलं. दंडारीचे बैठी, खडी, परसंगी असे प्रकार लोक सांगतात, आणि त्यातली परसंगी म्हणजे प्रसंग करून दाखवणारी दंडार बघितली की इथलं रात्रभराचं नाटक कुठून आलं ते कळतं. आता त्या नाटकाची पेठ आहे वडसा, गडचिरोली जिल्ह्यात. तिथे कंपन्यांची ऑफिसं ओळीने आहेत. दिवाळी ते होळी हंगाम, नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. नट गातो, नाचतो, विनोद करतो, आणि सकाळी शेतावर जातो. कुरखेड्याजवळच्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे भूमिका. ते शेतकरी आहेत. त्यांचं नाव जाहीर झालं तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस दुसरं काही नव्हतं.

नाटकात बाया आल्या. हिरोईन आली, लावणी करणारी डान्सर आली, पोस्टरवर त्यांचे मोठे फोटो आले, सिरियलमधल्या ओळखीच्या नट्या मुंबई-पुण्याहून यायला लागल्या. ते चांगलंच झालं. त्यांनाही रात्री तीन वाजता 'वन्स मोअर'च्या आरोळ्यांत काय काय ऐकावं लागतं ते मी विंगेतून बघितलंय, त्यावर वेगळा लेख लागेल. तृषांत इंगळे यांचा 'झॉलीवूड' ३ जून २०२२ ला आला तेव्हा मी तो नागपुरात पहिल्या दिवशी बघितला. झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांवरचा सिनेमा, आणि पडद्यावर आमचीच बोली. थिएटरात माझ्या मागे बसलेला माणूस प्रत्येक गावाचं नाव आलं की मोठ्याने परत म्हणत होता. पण बाया आल्या आणि लुगड्यातला पुरुष मंडईच्या दुपारपुरता उरला. दुपारी दोन ते पाच, ऊन खात.

सिनेमाने त्याचं काय केलं, हेही सांगायला हवं. तमाशापटांच्या काळात पडद्यावरचा नाच्या म्हणजे गणपत पाटील. कोल्हापूरचे. लकब इतकी अचूक की लोकांनी ती त्यांच्यावरच चिकटवली; संसार असलेला, मुलंबाळं असलेला माणूस, पण त्याचा त्रास घरच्यांनी भोगला. आत्मचरित्राचं नावही त्यांनी 'रंगनाच्या' ठेवलं. १ जानेवारी २०१० ला 'नटरंग' आला, आनंद यादवांच्या कादंबरीवरचा, अतुल कुलकर्णींनी त्यात पैलवानाचा नाच्या झालेला माणूस केला. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या घरात सगळ्यांनी तो टीव्हीवर एकत्र बघितला. बाबा मधेच उठून गोठ्यात गेले आणि सिनेमा संपेपर्यंत आले नाहीत. मला वाटलं, गाय व्याली असेल.

फोटोचं कळल्यावर मी मायला विचारलं. बाबांना विचारायची हिंमत नव्हती. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली की बाबांच्या दोन सोयरिकी मोडल्या होत्या. मंडईतच जुळल्या आणि मंडईतच मोडल्या. 'नाच्याचं घर' म्हणून. तिसऱ्यांदा मायच्या घरच्यांना सांगितलंच नाही. लग्नानंतर तिला कळलं, आणि तिनेच फोटो जाळू दिला नाही. आबाजींची बहीण ही तिनेच जन्माला घातली.

"जाळला असता तं चांगलं झालं असतं काय?" तिने मला विचारलं. मी काही बोलले नाही.

फिल्मचं काम मी सुरू केलं होतं. आमच्याकडच्या एका खडी गंमतीच्या पार्टीत एक चाळिशीचा माणूस नाचतो. दिवसा विटाभट्टीवर असतो. त्याला मी तीन मंडयांमध्ये शूट केलं. पहिला तुकडा कापून ढोलकीवाल्या आजोबांना दाखवायला गेले. मला अभिमान होता, क्लोजअप सुंदर आले होते, घामावर ऊन चमकत होतं. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "पाय कुठी गेले?"

मी परत गेले. या वेळी फोन ट्रायपॉडवर लावला नाही. वर्तुळात त्याच्यासोबत फिरत राहिले, दूर राहून, पायापासून डोक्यापर्यंत, कट न करता. अकरा मिनिटांचा एकच शॉट आहे. त्यात दोन पोरं मधे येतात, एक कुत्रा येतो, माझी सावली येते, आणि मी त्याच्या मागे असते तेव्हा समोरच्या लोकांचे चेहरे दिसतात. हे शेवटचं मी ठरवलेलं नव्हतं. त्याची पाठ, आणि पाठीपलीकडे बघणारं गाव. एक म्हातारी तोंडाला पदर लावून हसतेय, आणि तिच्या बाजूला एक तरुण पोरगा अजिबात हसत नाहीये, नुसता बघतोय.

यंदा त्याच पार्टीच्या पोस्टरचं डिझाइन माझ्याकडे आलं, गावातल्या मंडई समितीकडून. मोबाइलवरच करायचं, साधं काम. दोन्ही शाहिरांचे फोटो, मधे 'दुय्यम खडी गंमत', खाली तारीख, विनीत समस्त गावकरी. मी शाहिरांना फोन करून विचारलं, नाचणाऱ्याचं नाव टाकू का? ते म्हणाले, टाका की, आमची ना नाही. मग प्रश्न आला, नावापुढे काय लिहायचं. 'नाच्या' लिहिलं तर शिवी वाटते. 'नर्तक' लिहिलं तर गावात कोणाला कळणार नाही. 'स्त्रीपात्र' लिहून बघितलं, 'लावणी कलावंत' लिहून बघितलं. शेवटी नुसतं नाव ठेवलं, शाहिरांच्या नावाएवढ्याच अक्षरांत, आणि ते त्यालाच व्हॉट्सॲपवर पाठवलं.

निळ्या खुणा आल्या. संध्याकाळपर्यंत उत्तर नाही. रात्री नऊला त्याचा फोन आला. मागून भट्टीवरच्या लोकांचा आवाज येत होता. नाव चांगलं दिसते म्हणाला. दोनदा म्हणाला. मग म्हणाला, "ताई, यंदा राहू द्या. पोरीची सोयरीक पाहनं चालू आहे."

मी ते नाव पुसलं आणि फाइल समितीला पाठवली. नाव असलेली फाइल माझ्या फोनमध्ये आहे, आबाजींच्या फोटोच्या बाजूच्याच फोल्डरमध्ये. पुढच्या मंडईच्या आधी त्याला पुन्हा विचारणार आहे.